फिरत्या घरातलं पाणी गोठून पाइप निखळला : चिखलदऱ्याकडच्या थंडीत ट्रेलर कसा सांभाळायचा?

फिरस्ते_मास्तर | २ जानेवारी, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी,

मी दर्यापूर तालुक्यातला निवृत्त शिक्षक. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी गाडीमागे ओढायचा एक लहान ट्रेलर बांधून घेतला. बारा फूट लांब, आत दोघांची झोपायची सोय, ओटा, बेसिन, मागच्या कोपऱ्यात न्हाणी. तळाशी शंभर लिटरची टाकी आणि बारा व्होल्टचा पंप. गॅस गिझर आणि पाण्याचा फिल्टर बाहेरच्या बाजूला पत्र्याच्या पेटीत. छपरावर काळ्या एचडीपीई पाइपाचं वेटोळं टाकलंय, उन्हाने त्यातलं पाणी दुपारपर्यंत अंघोळीपुरतं तापतं.

गेल्या आठवड्यात चिखलदऱ्याच्या पलीकडे एका ओळखीच्यांच्या वावरात मुक्काम केला. नाल्याकाठी छान सपाट जागा मिळाली. आभाळ निरभ्र, वारा पडलेला. मोबाइलवर रात्रीचं तापमान चार अंश दाखवत होतं. हिने झोपताना विचारलं, "पाणी सोडून द्यायचं का?" मी म्हटलं, पाणी शून्याला गोठतं, चार अंशांना काही होत नाही. छपरावरच्या पाइपाला पोती गुंडाळली आणि झोपलो.

सकाळी गवतावर, बोलेरोच्या काचेवर, ट्रेलरच्या छपरावर मीठ पसरावं तसा पांढरा थर. नळ सोडला तर थेंब नाही. वाटलं, टाकी संपली असेल. वावरमालकाच्या झोपडीवर चहाला गेलो. तासाभराने परत आलो तेव्हा ऊन छपरावर आलेलं आणि पंप आपोआप चालू. छपरावरचा पाइप जिथून आत येतो तिथला सांधा निखळला होता आणि टाकीतलं पाणी धो धो गादीवर पडत होतं. बाहेरच्या पेटीत फिल्टरचा प्लास्टिकचा पेला उभा चिरलेला. पितळी एल्बोला मागच्या बाजूने केसाएवढी चीर, बोट फिरवल्यावरच हाताला लागली. गादी, तांदूळ, हिची बीपीची औषधं, सगळं भिजलं.

संक्रांतीच्या आधी परत जायचंय, या वेळी नात सोबत आहे. चार अंशांना पाणी गोठलंच कसं, आणि आता काय करू?

---

वावरातला_वाटसरू | २ जानेवारी, रात्री ९.४१

सर, पोती कोरडी होती की ओली?

---

फिरस्ते_मास्तर | २ जानेवारी, रात्री ९.५०

संध्याकाळी नाल्यावर धुऊन पिळून घेतली होती. ओलसर होती. का?

---

खगोल_वर्धा | २ जानेवारी, रात्री १०.३५

सर, तुमचा चार अंशांचा आकडा बहुधा बरोबरच होता. पण तो हवेचा होता, तुमच्या छपराचा नव्हता.

हवामान खात्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर, सावलीत असतो. तो हवा मोजतो. निरभ्र रात्री उघड्यावरची प्रत्येक वस्तू आपली उष्णता थेट आभाळाकडे सोडत असते. ढग असले तर ते त्यातली बरीचशी परत देतात. ढग नाहीत, वारा नाही, हवा कोरडी, अशा रात्री पत्रा, काच, गवताचं पातं आजूबाजूच्या हवेपेक्षा चार-पाच अंशांनी सहज खाली जातं. म्हणजे हवा तीन-चारवर आणि तुमचा पाइप शून्याखाली. सोलर वॉटर हीटरच्या तांब्याच्या नळ्या हवा शून्याच्या वर असतानाही फुटतात, त्या याच कारणाने.

आपल्या लोकांना हे जुनं ठाऊक आहे. अलाहाबादेला अठराव्या शतकात असा बर्फ करत असत, आणि एका इंग्रज अधिकाऱ्याने त्याचं वर्णन १७७५ साली छापलेलं आहे. उघड्या मैदानात उथळ खड्डे खणायचे, त्यांत उसाची चिपाडं आणि मक्याची वाळलेली धांडं पसरायची, त्यावर मातीची उथळ, झिलई न केलेली भांडी ठेवून त्यांत पाणी ओतायचं. चिपाडांमुळे जमिनीची ऊब भांड्यापर्यंत पोचत नाही, वरून आभाळ उघडं, आणि मातीतून पाझरणारं पाणी उडतानाही गारवा देतं. हवा गोठणबिंदूच्या वर असतानाही सूर्योदयापूर्वी भांड्यांवर बर्फाची पापडी धरायची. जमिनीपासून उचललेला, वरून उघडा, त्यात उथळ पाणी. सर, तुमच्या छपरावरचं वेटोळं म्हणजे तेच भांडं झालं.

विदर्भ समुद्रापासून लांब. हिमालयात बर्फ पडून गेला की मागून उत्तरेचा कोरडा वारा येतो आणि आभाळ धुतल्यासारखं होतं. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरला ३.५ अंश नोंदले गेले होते. सपाटीवर किमान तापमान चार अंशांवर किंवा त्याखाली गेलं की हवामान खातं थंडीची लाट म्हणतं, दोनवर किंवा खाली गेलं तर तीव्र लाट. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर. तिथे जाताना अंदाजात पाचच्या खालचा आकडा आणि निरभ्र आभाळ दिसलं, की पाणी गोठणार असं धरूनच चाला.

---

वावरातला_वाटसरू | २ जानेवारी, रात्री १०.५८

मी ओल्या पोत्याचं म्हणूनच विचारलं. आमचा मडक्यांचा धंदा. माठ गार काहून होते? पाणी पाझरते, उडते, आतलं गार करते. कोरड्या हवेत ओलं पोतं म्हणजे पाइपाभोवती माठच बांधला. गुंडाळायचं तं कोरडं, आणि वरून प्लास्टिक, म्हणजे दहिवरानं भिजत नाही. ओलं असन तं न गुंडाळलेलं बरं.

---

वरूडची_संत्री | ३ जानेवारी, सकाळी ६.२०

सर, जागा चुकली तुमची. नाल्याकाठी काहून लावली?

थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराकडं वाहते अन् खोलगटात जाऊन बसते. आमच्या बागेत तेच पाहून राह्यलो इतके वर्षं. नाल्याकडच्या दोन ओळींचा कोवळा पाला जळते, वरच्या उताराची झाडं हिरवीगार. मधात शंभर-दीडशे पावलांचं अंतर, बस. मोबाइल तालुक्याचं तापमान सांगते, तुमच्या नाल्याचं नाही.

दुसरं, आंब्याच्या झाडाखाली सकाळी हात फिरवून पाह्य. दहिवर नसते, गवत कोरडं राह्यते. झाड आभाळाच्या आड येते ना. ट्रेलर मधल्या उतारावर, आंब्याखाली लावा, अर्धं काम तिथंच झालं. वाळलेली फांदी वर नाही ना, तेवढं पाह्यून घ्या.

आम्ही नर्सरीतल्या कलमांवर रात्री तुराट्यांचा मांडव करतो अन् बुडाशी कुटार टाकतो. विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट राह्यते, थंडीच्या रात्री ते सोडलं तं जमीन ऊब धरते. पण मोठ्या बागेला ते जमत नाही, आंबिया बहाराचा ताण (फुलोऱ्यासाठी पाणी तोडणं) चालू असते, पाणी देलं की ताण तुटला. तिथं मंग पहाटे धूर करतो.

---

मिनेसोटातली_वऱ्हाडी | ३ जानेवारी, सकाळी ८.०५

सर, मी मूळची पुसदची. इथे आमच्याकडेही ओढायचा ट्रेलर आहे. हिवाळ्यात बाहेर उणे पंचवीस अंश होतं, तेव्हा हा विषय आमच्या घरात दर ऑक्टोबरला येतो. तुमचं नुकसान वाचून फार वाईट वाटलं, पहिल्या वर्षी आमचा पंप असाच गेला होता.

इथले लोक एकच धरून चालतात : पाइपात पाणी ठेवायचंच नाही. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं. पण बहुतेक वेळा पाइप बर्फ असतो तिथे फुटत नाही. बर्फाची गुठळी वाढत जाते आणि गुठळी व बंद नळ यांच्या मधलं पाणी दाबत नेते. तो दाब जिथे कमजोर जागा सापडेल तिथे बाहेर पडतो. तुमचा एल्बो आणि फिल्टरचा पेला त्यातच गेले असणार. म्हणून नळ उघडे ठेवणं पाणी काढण्याइतकंच महत्त्वाचं.

आमची पद्धत अशी. आधी पंप बंद, गिझर बंद आणि पूर्ण गार. टाकी रिकामी. पाइपाच्या सगळ्यात खालच्या ठिकाणी कॉक असतात ते उघडायचे. मग गरम, गार, शॉवर, सगळे नळ उघडायचे, म्हणजे वरून हवा शिरते आणि पाणी खाली उतरतं. यानंतरही वळणांमध्ये थोडं पाणी राहतंच. ते टायरच्या कॉम्प्रेसरने फुंकून काढतो, दाब चाळीस पीएसआयच्या वर कधी नेत नाही, नाहीतर सांधे सुटतात. एका वेळी एकच नळ उघडा, लांबचा आधी. तुषार थांबून नुसती हवा यायला लागली की पुढचा. फिल्टरचा पेला काढून पालथा ठेवायचा. शेवटी पंप दहा-पंधरा सेकंद कोरडा चालवायचा, कारण त्याच्या डोक्यात घोटभर पाणी अडकून बसतं.

मग आम्ही एक गुलाबी द्रव भरतो, प्रोपिलीन ग्लायकॉलचा. तुम्हाला त्याची गरज नाही. तुमच्याकडे दोन-चार अंशांचा खेळ, तोही पहाटेच्या काही तासांचा. पण एक कळकळीची विनंती : कोणी गाडीचं कूलंट टाकायला सांगितलं तर मुळीच टाकू नका. त्यात बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतं. ते विषारी आहे, चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. पिण्याच्या पाण्याच्या पाइपात ते कधीच जाऊ नये.

आणि सर, रात्री पंपाचं बटण बंद. दाब उतरला की तो पंप आपोआप सुरू होतो. चीर बर्फाने बुजलेली असते तोवर काही कळत नाही, बर्फ वितळला की पंप सगळी टाकी त्या चिरेतून ओतून देतो. तुमच्या गादीचं तेच झालं.

---

फिरस्ते_मास्तर | ३ जानेवारी, दुपारी १.१५

ताई, तुमचा प्रतिसाद हिला मोठ्याने वाचून दाखवला. ओल्या पोत्याचं आणि नाल्याचं तर डोक्यातच आलं नव्हतं. उन्हाळाभर माठातलं पाणी पिणारा माणूस मी!

दोन शंका. बेसिनखालच्या वाकड्या नळीत पाणी राहतंच, ते काढलं तर घाण वास आत येतो. तिथे मीठ घातलं तर? आणि पाणी सगळं सोडून दिलं तर रात्री प्यायला, हात धुवायला काय?

---

मिनेसोटातली_वऱ्हाडी | ३ जानेवारी, संध्याकाळी ७.४०

ती नळी प्लास्टिकची असेल तर वाटीभर दाट मिठाचं पाणी ओता, तुमच्या थंडीला पुरे. पंपात, गिझरमध्ये किंवा कोणत्याही धातूला मीठ लागू देऊ नका, गंज धरतो. पिण्याचं पाणी कळशीत भरून आत ठेवा. कळशीभर पाणी आत कधी गोठणार नाही, गोठतो तो पाइप.

---

गुलाबी_थंडी | ३ जानेवारी, रात्री ८.२२

एवढी खटपट कशाला? रात्री आत कोळशाची शेगडी ठेवा. पाइपही गरम, नातही गरम. आमच्याकडे धानाच्या खळ्यावर असंच करतात.

---

सिस्टर_गडचिरोली | ३ जानेवारी, रात्री ८.४९

नाही! कृपा करून असं काही करू नका. सर, हा प्रतिसाद पूर्ण वाचा, नात सोबत आहे म्हणून सांगते.

खळं उघडं असतं. बारा फुटांचा पत्र्याचा डबा, दारं-खिडक्या बंद, आत निखारे, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं निखारे "स्वच्छ" झाले, आता आत घ्यायला हरकत नाही. पण धूर संपल्यावरही निखारा हा वायू सोडत राहतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते. झोपलेल्या माणसाला तेही कळत नाही.

मी बावीस वर्षं नोकरी केली. एका डिसेंबरात पहाटे साडेचारला बैलगाडीतून नवरा-बायको आणि सहा वर्षांचं पोरगं आणलं. बाळंतिणीच्या खोलीसाठी आणलेली शेगडी घरात ठेवून झोपले होते. पोराने रात्री "आई, डोकं दुखते" म्हटलं होतं, तिने बाम चोळून परत झोपवलं. नवरा-बायको वाचले. तो बाम अजून पोराच्या कपाळाला लागलेला होता, वास येत होता. हिवाळा आला की मला तो वास आठवतो.

खिडकी फटीएवढी उघडी ठेवली की चालतं, हा भरवसा धरू नका. गॅसची शेगडी पेटवून झोपणं, गिझर आत बसवणं, दाराला लागून जनरेटर चालू ठेवणं, सगळं याच जातीचं. सर, तुमचा गिझर बाहेरच्या पेटीत आहे ते फार चांगलं. त्याचा जळालेला वायू खिडकीतून आत तर येत नाही ना, एवढं बघा. कोणाला डोकेदुखी, मळमळ वाटली की आधी सगळ्यांना उघड्यावर आणायचं, दारं उघडायची, १०८ ला फोन करायचा. कार्बन मोनॉक्साइडची घंटी बाजारात मिळते, ट्रेलरमध्ये ती असायलाच हवी.

नातीला ऊब द्यायची तर कानटोपी, पायमोजे, खाली जाड सतरंजी आणि वर गोधडी. गादी कितीही जाड असो, खालून पत्र्याची थंडी येतेच. गरम पाण्याची रबरी पिशवी कापडात गुंडाळून पायाशी.

---

गुलाबी_थंडी | ३ जानेवारी, रात्री ९.१५

सिस्टर, मला हे माहीत नव्हतं. गावात आज रात्रीच सांगतो. आमच्या शेजारी बाळंतीण आहे.

---

बॅटरी_भाऊ | ३ जानेवारी, रात्री १०.०२

दोन गोष्टी राहिल्या. ट्रेलरची बॅटरी लिथियमची (फॉस्फेटवाली) असेल तर ती शून्याखाली चार्ज करायची नाही, आतून कायमची खराब होते. सकाळी सोलर पॅनलवर ऊन पडलं की लगेच चार्जिंग सुरू होतं, म्हणून बॅटरी आतल्या बाजूला ठेवा. साध्या अ‍ॅसिड बॅटरीला विदर्भाच्या थंडीचं भय नाही, फक्त पूर्ण उतरलेली ठेवू नका, उतरलेल्या बॅटरीतलं पाणी लवकर गोठतं.

गॅस मंद झाला तर सिलिंडर संपला समजू नका. घरगुती गॅसमध्ये ब्यूटेन असतो, तो शून्याच्या जवळ नीट उकळत नाही, म्हणून दाब पडतो. उन्हं आली की ठीक होतं. सिलिंडरवर गरम पाणी ओतणं, शेजारी आग करणं, असला प्रकार करू नका.

---

फिरस्ते_मास्तर | १३ जानेवारी, रात्री ८.३०

मंडळी, कालच परत आलो. तीन रात्री राहिलो, एक थेंब गळला नाही.

ट्रेलर नाल्यापासून वर, मधल्या उतारावर, एका म्हाताऱ्या आंब्याखाली लावला. छपरावरचं वेटोळं सोडवून घरीच ठेवलं. मुक्कामाला पोचल्यावर अंघोळीचं पाणी बाहेर चुलीवर तापवलं, नातीला त्याचीच जास्त गंमत वाटली.

खगोलभाऊंचं वाचून तीन स्वस्त तापमापक नेले होते. दुसरी रात्र सगळ्यात थंड होती. पहाटे साडेपाचला बॅटरीच्या उजेडात पाहिलं : आंब्याखाली तीन अंश, नाल्याकाठच्या गवतावर उणे एक, आणि उघड्या वावरात स्टीलची परात पालथी घालून तिच्यावर ठेवलेला उणे दोन. परातीशेजारी एका ताटलीत बोटभर पाणी ठेवलं होतं. त्याच्यावर पापडी धरली होती, काचेसारखी, मधोमध पिसासारख्या रेघा. नातीने ती दोन्ही हातांनी उचलली, आजीला दाखवायला पळत निघाली आणि पोचेपर्यंत अर्धी वितळली. मी चाळीस वर्षं सहावी-सातवीला उष्णतेचं संक्रमण शिकवलं, पण हे मुलांना कधी वावरात नेऊन दाखवलं नाही, याची रुखरुख लागून राहिली.

पाणी उतरवायला पहिल्या रात्री अर्धा तास गेला, तिसऱ्या रात्री बारा मिनिटं. पंप कोरडा चालवल्यावर खरोखरच घोटभर पाणी आलं. मी तर तोवर सगळं निघालं असंच समजत होतो. गिझरच्या बुडाशी एक लहानसा डाट आहे, तो आतापर्यंत कधी उघडलाच नव्हता. त्यातून पेलाभर पाणी निघालं, म्हणजे मागच्या वेळी गिझर वाचला तो नशिबाने.

सिस्टर, घंटी अमरावतीहून आणली, झोपायच्या फळीच्या वर लावली. शेगडी बाहेरच राहिली. झोपायच्या आधी पाय शेकून आत यायचं आणि दार लावायचं, असा नियम हिने केला आणि तिन्ही रात्री पाळून घेतला.

---

पांदणरस्ता | १३ जानेवारी, रात्री ९.०५

सर, खालचे कॉक कुठून घेतले? आमच्या तमाशाच्या गाडीलाही टाकी आहे, दर पौषात पाइप बदलतो.

---

फिरस्ते_मास्तर | १३ जानेवारी, रात्री ९.२०

भाऊ, ठिबकच्या दुकानात अर्ध्या इंचाचे बॉल व्हॉल्व्ह मिळतात तेच घेतले, चार नग. पाइप जिथे सगळ्यात खाली झुकतो तिथे टी टाकून बसवायचे, तोंड जमिनीकडे. दांडी पाइपाच्या दिशेने आली की कॉक उघडा, आडवी आली की बंद. अंधारात गोंधळ होतो, म्हणून नातीने चारही दांड्यांना तिच्या मावशीचं लाल नेलपॉलिश लावून दिलंय. टाकी परत भरायच्या आधी चारही लाल दांड्या आडव्या आहेत का ते मोजून घ्यायचं, नाहीतर सगळं पाणी मातीत जातं.